घरातली विद्युतचुंबकीय क्षेत्रं : मोजणीच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४ : प्रश्न आणि मोजपट्ट्या

ठाण्यातली जुनी, चार मजली सोसायटी. रहिवाशांकडून आलेले प्रश्न असे : राउटर उशाशी चालेल का, गरोदर बाईने इंडक्शन शेगडीपुढे उभं राहावं का, आणि मीटर रूमला लागून असलेल्या खोलीत लहान मुलाला झोपवावं का. वरवर तिन्ही प्रश्न एकाच पठडीतले, पण राउटर गिगाहर्ट्‌झमध्ये चालतो, शेगडी २० ते ५० किलोहर्ट्‌झमध्ये आणि मीटर रूम ५० हर्ट्‌झवर. शरीरावर होणारा परिणामही वेगळा. कमी वारंवारितेत क्षेत्र खूपच जोरकस असेल तर मज्जातंतू चाळवले जातात, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं. गिगाहर्ट्‌झमध्ये ऊतक तापतं. एकाच मीटरने तिन्ही मोजायला गेलं की तिन्ही चुकतात.

मोजपट्ट्या ठरवल्या. अ-आयनकारी (अणूंतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसलेल्या) प्रारणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्‌झला २०० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) ही पातळी दिली. १९९८ च्या सूचनांमध्ये ती १०० होती. ३ किलोहर्ट्‌झच्या वर २०१० ची पातळी २७ मायक्रोटेस्ला, १९९८ ची त्या पट्ट्यात ६.२५. या पातळ्या तात्काळ होणाऱ्या, प्रयोगात सिद्ध झालेल्या परिणामांवर बेतलेल्या आहेत.

दुसरी पट्टी ०.४ मायक्रोटेस्लाची, तिची जात निराळी. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या पाहणीत वीजवाहिन्यांची जवळीक आणि मुलांमधला रक्ताचा कर्करोग यांचा संबंध दिसला. २००० साली नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा चोवीस तासांची सरासरी ०.४ च्या वर असलेल्या मुलांत धोका सुमारे दुप्पट आढळला. मात्र अशी मुलं शंभरात एकही भरत नव्हती. त्यावरून २००२ साली कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या क्षेत्रांना '२ बी', म्हणजे 'कदाचित कर्ककारक' गटात घातलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दुजोरा नाही, पेशीत नेमकं काय घडत असेल याची पटणारी यंत्रणा नाही. पुरावा कार्यकारणभाव मानण्याइतका भक्कम नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये म्हटलं. म्हणून ०.४ ला आम्ही 'मर्यादा' म्हणणार नाही. फुकटात कमी होत असेल तर करावं, एवढ्यापुरती ती खूण.

यातला 'सरासरी' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मिक्सरपुढे ५ मायक्रोटेस्लात रोज १० मिनिटं उभं राहिलं तर चोवीस तासांच्या सरासरीत भर पडते ०.०३५ ची. ०.५ च्या खोलीत रात्रीचे ९ तास झोपलं तर भर ०.१९ ची. त्यामुळे मोजणीचा जोर यंत्रांवर कमी, झोपायच्या जागांवर जास्त ठेवायचा.

१६ नोव्हेंबर : मीटरचीच परीक्षा

मोजायला निघण्याआधी मीटर खरं बोलतो का ते पाहिलं. त्यासाठी हेल्महोल्ट्‌झ गुंडाळ्यांची जोडी केली, म्हणजे मधोमध आधीच हिशोब करता येईल असं एकसारखं क्षेत्र देणाऱ्या दोन समांतर गुंडाळ्या :

प्रत्येक गुंडाळीची त्रिज्या १५ सेंटिमीटर, वेढे २०. दोन गुंडाळ्यांमधलं अंतरही १५ सेंटिमीटर. साचा प्लायवूडच्या चकत्यांचा, स्क्रू पितळी. लोखंडी खिळा चालत नाही. २६ गेजची इनॅमलची वाइंडिंग वायर सुमारे ३८ मीटर, तिचा रोध जवळपास ४ ओहम. दोन्ही गुंडाळ्या एकाच दिशेने आणि एकामागोमाग एक जोडायच्या. ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, मध्ये ५६ ओहम २ वॅटचा रेझिस्टर, आणि अँपिअर मोजायला मल्टिमीटर. १०० मिलिअँपिअरला मध्यभागी १२ मायक्रोटेस्ला मिळतात. रेझिस्टर ५६० ओहमचा लावला की प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि क्षेत्र १.२ च्या.

दोन ठिकाणी घात होतो. एक, बिनभाराचा छोटा ट्रान्सफॉर्मर ६ ऐवजी ७ व्होल्टही देतो, म्हणून हिशोब व्होल्टवर करायचा नाही, मोजलेल्या प्रवाहावर करायचा. दोन, ट्रान्सफॉर्मर स्वतःच क्षेत्र सोडतो. तो दीड मीटर लांब ठेवला, त्याच्यापासून येणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून घेतल्या, आणि गुंडाळीची तार सोडून मीटरवर काय उरतं ते आधी टिपलं.

तीन अक्षांच्या मीटरने १२ ला ११.६ दाखवले. एक अक्षाच्या मीटरने १२.९, पण तो क्षेत्राच्या दिशेत नीट धरला तरच. ९० अंशांत फिरवला की ०.३. एक अक्षाचा मीटर वापरणाऱ्याने एकाच जागी तीन दिशांनी वाचन घ्यावं, तिन्हींचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ. फक्त दिवे पेटवणारा एक स्वस्त मीटर होता, तो १.२ लाच शेवटच्या दिव्यावर गेला. तो बाजूला ठेवला. मिलिगॉसमध्ये दाखवणारे मीटर बरेच आहेत : १० मिलिगॉस म्हणजे १ मायक्रोटेस्ला. जाहिरातींतला मोठा आकडा पुष्कळदा या दहाच्या गुणाकाराचाच असतो.

मोबाइलमधलं 'ईएमएफ' (विद्युतचुंबकीय क्षेत्र) मोजणारं ॲप या कामाला निरुपयोगी. फोनचा चुंबकमापक होकायंत्रासाठी असतो. तो पृथ्वीचं स्थिर क्षेत्र वाचतो, आपल्याकडे ४० ते ४५ मायक्रोटेस्ला. ५० हर्ट्‌झचा फेर त्याच्या संथ नमुनावाचनात धड पकडला जात नाही. स्थिर क्षेत्र मोजणाऱ्यांना घरगुती विजेचं नव्हे तर ट्रामच्या विजेचं भय वाटलं होतं : मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेची चुंबकीय नोंदणी १९०४ मध्ये अलिबागला सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे समांतर नोंदी घेऊन मगच कुलाब्याचं काम थांबवलं. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. उपकरण बदलताना दोन्ही काही काळ शेजारी चालवावीत, ही पद्धत आम्हीही मीटरांसाठी ठेवली.

मोजताना खिशातला फोन दूर ठेवायचा. कॉल लागताना काही मीटरांचे आकडे उगाच उसळतात.

२३ नोव्हेंबर : यंत्रं

अंतर हाताने न धरता थर्मोकोलच्या ३ आणि ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यांनी राखलं, मीटरभराला लाकडी पट्टी. आकडे मायक्रोटेस्लात, क्रम ३ सेंटिमीटर, ३० सेंटिमीटर, १ मीटर :

मिक्सर ७५० वॅट : २१०, ५, ०.२
मायक्रोवेव्हची उजवी बाजू, चालू असताना : ११०, ५, ०.४
जुन्या ट्यूबलाइटचा चोक : १५०, १.२, ०.०५
एलईडी ट्यूब : ०.३, मग पार्श्वभूमीइतकंच (यंत्र बंद असतानाही दिसतं तेवढं)
इस्त्री : १२, ०.२, पार्श्वभूमी
वॉशिंग मशीन, पुढची बाजू, ड्रम फिरताना : ९, ०.६, ०.०४
फ्रिज, कॉम्प्रेसर चालू : १.२, ०.१, पार्श्वभूमी
छताचा पंखा, पलंगावरून : पार्श्वभूमी (०.०२ ते ०.०३)

३ सेंटिमीटरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. मीटरच्या आतला संवेदक खोक्याच्या कुठल्या टोकाला आहे यावर ते निम्मे-दुप्पट होतात. मिक्सरचा २१० हा २०० च्या वर दिसतो म्हणून कुणी दचकायचं कारण नाही : २०० ही पातळी सबंध शरीर एकसारख्या क्षेत्रात असेल तेव्हाची आहे. मोटरीलगतच्या लिंबाएवढ्या जागेतल्या क्षेत्राने शरीरात होणारं प्रेरण (क्षेत्रामुळे आत उपजणारी वीज) त्याहून खूप कमी असतं.

ज्या यंत्रात मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर आहे तिथे अंतर वाढवलं की क्षेत्र जवळजवळ घनाच्या प्रमाणात पडतं, दुप्पट लांब गेलं की आठपट कमी. जाणारी-येणारी तार शेजारी असेल तर वर्गाच्या प्रमाणात पडतं. एकट्या तारेचं मात्र नुसतं अंतराच्या पटीत : १ अँपिअरच्या एकट्या तारेपासून १ मीटरवर ०.२ मायक्रोटेस्ला, २ मीटरवर ०.१. हे शेवटचं वाक्य डोक्यात ठेवूनच डिसेंबरची मोजणी वाचावी.

३० नोव्हेंबर : मायक्रोवेव्हची गळती

वर मोजलं ते ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्‌झचं. दारातून गळणारं २.४५ गिगाहर्ट्‌झ वेगळं. परवानगी दारापासून ५ सेंटिमीटरवर ५० वॅट प्रति चौरस मीटर. पद्धत : काचेच्या भांड्यात २७५ मिलिलिटर साधं पाणी, पूर्ण शक्ती, संवेदक दाराच्या चारही कडांवरून सावकाश. पाणी उकळायच्या आत थांबायचं, भांडं बदलायचं. रिकामा मायक्रोवेव्ह चालवायचा नाही, मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारा आतला भाग) जातो.

दाराच्या कडेला दिसणारं रबर गळती अडवत नाही. अडवते ती कडेतली पाव तरंगलांबीची, सुमारे ३ सेंटिमीटरची खाच, आणि ती २.४५ गिगाहर्ट्‌झसाठीच बेतलेली असते. म्हणूनच 'आत मोबाइल ठेवून रिंग द्या' ही चाचणी फसवी : फोनला वाजायला नगण्य सिग्नल पुरतो. गळती वाढते ती दार लोंबकळल्यामुळे, बिजागरी वाकल्यामुळे, कडेवर साचलेल्या तेलकट राळेमुळे. कडा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, खरवडायची नाही. पाठीमागचं झाकण कुणी उघडू नये. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असतो.

सगळे मायक्रोवेव्ह मर्यादेच्या खूप खाली. एकाचं दार खाली उतरलं होतं, त्याचं वाचन इतरांच्या कैक पट असलं तरी मर्यादेत. बिजागरी बदलायला सांगितली.

७ डिसेंबर : इंडक्शन शेगडी

इथे आपला तीन अक्षांचा मीटर आंधळा. त्याची झेप २ किलोहर्ट्‌झपर्यंत, शेगडी २५ किलोहर्ट्‌झवर. शेगडीजवळ धरला तर ०.२ दाखवतो, ते पंख्याचं आणि आतल्या पॉवर सप्लायचं. असल्या मीटरचा फोटो दाखवून 'इंडक्शन एकदम सेफ' म्हणणारे आणि दुसऱ्याच मीटरचा भडकलेला आकडा दाखवून घाबरवणारे, दोघांनीही मोजलेलं काहीच नसतं.

शोधगुंडाळी केली : सांडपाण्याच्या ११० मिलिमीटर पाइपचा ४ सेंटिमीटरचा तुकडा, त्यावर १० वेढे. क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर. घरगुती उपकरणांच्या मोजणीचं मानक १०० चौरस सेंटिमीटरचा संवेदक धरतं, त्याच्या हे पुरेसं जवळ. २५ किलोहर्ट्‌झला दर मायक्रोटेस्लामागे सुमारे १५ मिलिव्होल्ट मिळतात, ते ऑसिलोस्कोपवर वाचायचे. व्होल्टेज वारंवारितेच्या पटीत वाढतं, म्हणून स्कोपवर वारंवारिता दरवेळी मोजून भागायचं. शेगडी शक्ती कमी-जास्त करताना वारंवारिता बदलते. कमी आचेवर बहुतेक शेगड्या काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशा चालतात. बंद असताना वाचन घेतलं की फसगत.

१८ सेंटिमीटर बुडाचं पातेलं मधोमध, पूर्ण शक्ती : ३० सेंटिमीटरवर ९ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.६ मायक्रोटेस्ला. १२ सेंटिमीटरचं फोडणीचं भांडं, तेही ५ सेंटिमीटर सरकवून : ३० सेंटिमीटरवर ३६ मिलिव्होल्ट, २.४ मायक्रोटेस्ला. शेगडीच्या काठाशी ५ सेंटिमीटरवर १६५ मिलिव्होल्ट, ११ मायक्रोटेस्ला. शेवटचा आकडा १९९८ च्या ६.२५ च्या वर, २०१० च्या २७ च्या आत. मानक ३० सेंटिमीटरवर मोजायला सांगतं, पण ओटा अरुंद असला की पोट काठाला टेकतं. त्यामुळे गरोदर स्त्रीला आमचं सांगणं एवढंच : कॉइलएवढ्या बुडाचं भांडं, मधोमध, शेगडी ओट्याच्या काठापासून वीतभर आत, ढवळायला लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथणा. शेगडी सोडून द्यायचं कारण नाही. बंद स्वयंपाकघरातल्या गॅसच्या धुराचा हिशोब मांडला तर पारडं बहुधा शेगडीकडेच झुकेल.

बूड फुगलेल्या कुकरखालीही गळती वाढते, आवाजही करतो. असा कुकर बदलावा.

१४ डिसेंबर : दुसऱ्या मजल्यावरची खोली

एका सदनिकेत झोपायच्या खोलीभर ०.५. भिंतीजवळ ०.७, खोलीच्या मध्यावर ०.५२, खिडकीत ०.४. यंत्राचं क्षेत्र असं वागत नाही, ते हातभर अंतरात गळून जातं. पंखे, दिवे, टीव्ही एकेक बंद केले की आकडा पायरीपायरीने उतरतो. सगळं बंद केलं की ०.०३. म्हणजे स्रोत याच घरातला, आणि तो एखाद्या यंत्रात नाही, वायरिंगमध्ये.

हिशोब करून पाहिला. फेज एका भिंतीतून गेली आणि न्यूट्रल समोरच्या भिंतीतून परतली, तर खोलीभोवती एका वेढ्याची गुंडाळी तयार होते. ३ मीटरच्या चौरसाच्या मध्यावर दर अँपिअरला ०.३८ मायक्रोटेस्ला. दीड अँपिअरला ०.५७. मोजलेल्या ०.५२ शी जमतं.

१५ डिसेंबर : माग

टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजायचा मीटर, नेहमी एका तारेभोवती लावतात. इथे तो एका सर्किटच्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांभोवती एकत्र लावायचा. जाणारा-येणारा प्रवाह सारखा असेल तर शून्य यायला हवं. मिलिअँपिअर दाखवणारा टेस्टर हवा. ४०० अँपिअरवाल्याला ०.२ चा फरक कळत नाही.

मीटरपासून येणाऱ्या मुख्य तारांवर : शून्य. वीजमीटरवरचा 'अर्थ' दिवाही विझलेला. आपल्याकडच्या बऱ्याच एकफेजी इलेक्ट्रॉनिक मीटरांवर तो असतो, फेज आणि न्यूट्रलचे प्रवाह जुळले नाहीत की पेटतो. म्हणजे शेजारच्या घराचं न्यूट्रल घेतलेलं नाही, गडबड घराच्या आतच. डीबीतल्या (घरातल्या वीजवाटप पेटीतल्या) दिव्यांच्या सर्किटवर : १.५ अँपिअर.

उलगडा इन्व्हर्टरपाशी झाला. इन्व्हर्टर मागाहून बसवलेला. वायरमनने दिव्या-पंख्यांची फेज तेवढी इन्व्हर्टरमधून नव्या केसिंगपट्टीने फिरवली. न्यूट्रल जुन्याच पाइपातून डीबीकडे. इतक्या घरांत असंच करतात की त्याला चूक म्हणायचंही कुणाला सुचत नाही. वर इन्व्हर्टरची इनपुट फेज आरसीसीबीच्या (गळती होताच वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचच्या) आधी, मेन स्विचवरून उचललेली. न्यूट्रल मात्र आरसीसीबीमधून परतत होतं. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला दीड अँपिअरची तफावत दिसली की तो पडणारच. तो 'सारखा पडतो' म्हणून तारेचा तुकडा टाकून बायपास केलेला सापडला.

आरोग्याचा खरा प्रश्न इथे आहे. ०.५ मायक्रोटेस्लाने काही होतं की नाही यावर वाद चालूच राहील. गीझरच्या एलिमेंटमधून गळती झाली आणि आरसीसीबी बायपास असला तर काय होतं यावर वाद नाही. क्षेत्रमापक इथे वायरिंगचा तपासनीस म्हणून उपयोगी पडला. सगळ्या खोल्या मोजून खोलीभर सपाट, न गळणारं वाचन जिथे दिसेल तिथे डीबी उघडायची, ही पद्धत इथून पुढे ठेवली.

याच भेटीत इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या तारा पाहिल्या. ५०० वॅट भाराला १२ व्होल्टच्या बाजूने जवळपास ५० अँपिअर वाहतात, आणि त्यात १०० हर्ट्‌झचा मोठा हिंदोळा असतो. लाल-काळ्या तारा वीतभर फाकवून भिंतीला ठोकल्या होत्या, पलीकडे पलंग. त्या शेजारी आणून दर १५ सेंटिमीटरवर केबल टायने बांधल्या : अर्ध्या मीटरवर ३ च्या आसपास असलेलं वाचन ०.४ वर. बॅटरीची टर्मिनलं सोडताना आधी काळी, लावताना शेवटी काळी. पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला की हातातल्या हातात वेल्डिंग होतं.

२१ डिसेंबर : दुरुस्ती

परवानाधारक वायरमनकडून. मेन बंद, इन्व्हर्टर बंद आणि त्याचा प्लगही काढलेला. नुसता मेन बंद केला तर दिव्यांच्या पॉइंटवर इन्व्हर्टरची वीज जिवंत राहते.

काम असं झालं. इन्व्हर्टरच्या फेजसोबत त्याच केसिंगमधून १.५ चौरस मिलिमीटरची काळी एफआर (आग सहसा न पसरवणारी) वायर, म्हणजे त्या पॉइंटांचं स्वतंत्र न्यूट्रल. ९० मीटरच्या गुंडाळीतली निम्मी लागली. प्रत्येक स्विचबोर्डात जुन्या न्यूट्रलपासून पंखे-दिवे सोडवले, सॉकेटचं न्यूट्रल जुनंच ठेवलं. दोन न्यूट्रल एका बोर्डात येतात तिथे एकावर पांढरी चिकटपट्टी, नाहीतर पुढच्या वायरमनला ती पुन्हा एकत्र पिळाविशी वाटणार. इनपुट फेज आरसीसीबीच्या पुढच्या १० अँपिअर एमसीबीवर (जादा प्रवाह झाला की पडणाऱ्या स्विचवर) आणली. बायपास काढला. वीज गेल्यावर मुख्य आरसीसीबी इन्व्हर्टरच्या मागे राहतो, पुढच्या पॉइंटांना त्याचा उपयोग नाही, म्हणून आउटपुटवर २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दुसरा. टेस्ट बटण दाबून दोन्ही पडतात हे पाहिलं. बटणाने नुसती आतली यंत्रणा तपासली जाते, बॅटरीवर असताना न्यूट्रलला अर्थचा आधार उरतो का हे वेगळं तपासून घेतलं.

एका बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले होते. 'अर्थ येत नव्हतं' म्हणून करून दिलेली ही जोड सगळ्यात घातक : न्यूट्रल कुठे तुटलं की फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं अंग थेट फेजवर येतं. तोडली.

नंतरचं वाचन खोलीच्या मध्यावर ०.०३. टाँग टेस्टर शून्यावर.

४ जानेवारी २०२५ : मीटर रूमलगतची खोली

पॅनेलच्या पलीकडची भिंत. रात्री ८ वाजता भिंतीला लागून १.९, ३० सेंटिमीटरवर ०.९, १ मीटरवर ०.२२. पलंगाचं डोकं भिंतीपासून २५ सेंटिमीटरवर. विटांच्या भिंतीने ५० हर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, अंतरानेच कमी होतं. त्याच वेळी येणाऱ्या केबलवरचा प्रवाह टिपून ठेवला. क्षेत्र प्रवाहाच्या पटीत असतं, तेव्हा मे महिन्यात एसी चालू झाल्यावर त्या आकड्यावरूनच अंदाज बांधता येईल. जानेवारीच्या वाचनावर निर्धास्त होऊ नये.

पलंग समोरच्या भिंतीला हलवला, उशीपाशी ०.०६. भिंतीला ॲल्युमिनियमचा फॉइल लावण्याची सूचना आली होती. ५० हर्ट्‌झसाठी ॲल्युमिनियममध्ये क्षेत्र शिरण्याची खोली सुमारे १२ मिलिमीटर, आणि फॉइल कागदापेक्षाही पातळ. उपयोग शून्य.

११ जानेवारी : राउटर, मोबाइल, टॉवर

राउटरचा हिशोब कागदावरच पुरतो. १०० मिलिवॅट सर्व दिशांना पसरले तर १ मीटरवर ०.००८ वॅट प्रति चौरस मीटर, २० सेंटिमीटरवर ०.२, आणि तेही राउटर सतत प्रसारण करत असेल तर. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ गप्प असतो. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या दहाव्या हिश्शावर आणली गेली : ९०० मेगाहर्ट्‌झला ०.४५, १८०० ला ०.९, २ गिगाहर्ट्‌झच्या वर १ वॅट प्रति चौरस मीटर. ती टॉवरची असली तरी तुलनेला घेतली. मीटरभर लांबचा राउटर तिच्या सव्वाशेव्या भागात. उशाशी ठेवायचा की नाही हा प्रश्न त्याच्या मिचमिचणाऱ्या निळ्या दिव्याचा जास्त आहे.

शरीराला मिळणारी सर्वांत मोठी रेडिओ-मात्रा स्वतःच्या फोनची. फोन टॉवरशी बोलायला लागेल तेवढीच शक्ती वापरतो. ४जी फोनची कमाल २०० मिलिवॅट, सिग्नल चांगला असला तर तिचा अगदी छोटा अंश. सोसायटीने जवळचा टॉवर हटवला की फोन जास्त जोराने ओरडतात आणि कानाशी मात्रा वाढते. लिफ्टमध्ये, तळघरात लांब कॉल टाळणं किंवा इयरफोन लावणं एवढं पुरे. फोनवर *#०७# दाबलं की एसएआर (फोनमुळे ऊतकात दर किलोमागे शोषली जाणारी शक्ती) दिसतो. भारतातली मर्यादा १ ग्रॅम ऊतकावर सरासरी १.६ वॅट प्रति किलो. फोनवर चिकटवायचे 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर : एक तर ते काहीच करत नाहीत, किंवा अँटेना झाकून फोनला शक्ती वाढवायला लावतात.

मे २०११ मध्ये रेडिओलहरीही '२ बी' गटात गेल्या. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या पद्धतशीर आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. जवळच्या टॉवरच्या मोजणीचे आणि प्रमाणपत्राचे तपशील दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर पाहता येतात.

'वायफाय चालू असला की डोकं दुखतं' ही तक्रार. लक्षणं खरी असतात, पण कुणालाही चालू-बंद ठाऊक नसताना केलेल्या प्रयोगांत माणसांना क्षेत्र ओळखता आलेलं नाही. राउटरवर खापर फोडण्याआधी खोलीतले स्वस्त एलईडी तपासले. फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यात भिंतीवर पट्टे लुकलुकताना दिसले की तो दिवा १०० हर्ट्‌झने फडफडतो आहे. चांगल्या ड्रायव्हरचा दिवा लावून पाहायला सांगितलं.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला चुरचुरतो, तीही 'लहर' नव्हे. ॲडॅप्टरमधल्या कपॅसिटरमधून येणारा मिलिअँपिअरच्या अंशाइतका प्रवाह तो. तीन पिनचा प्लग आणि चालू अर्थ असलं की थांबतो. थांबत नसेल तर सॉकेटचं अर्थ तपासा.

१८ जानेवारी : पेसमेकर

सोसायटीत पेसमेकर बसवलेले रहिवासी आहेत. सर्वसाधारण मर्यादा सांगणारं पत्रक केलं : मोबाइल पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे पेसमेकर डाव्या बाजूला असेल तर डाव्या खिशात नाही आणि उजव्या कानाला. चालू इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटिमीटर. मागच्या गॅसवरचं भांडं उचलायला शेगडीवरून वाकू नये. पाठीला चुंबक असलेले फोन, वायरलेस चार्जर आणि इयरफोनच्या डब्या छातीवर ठेवू नयेत. पुरेसं जोरकस चुंबक पेसमेकरला तात्पुरत्या वेगळ्या पद्धतीत ढकलतं. पंखा, फ्रिज, टीव्ही, मिक्सर नेहमीसारखे. शेवटचा शब्द यंत्रासोबत मिळालेल्या कार्डाचा आणि हृदयतज्ज्ञांचा.

२५ जानेवारी : जिना

जिन्यातल्या दोन-स्विचच्या दिव्यांपाशी चारही मजल्यांवर ०.२ ते ०.३. फेज सोसायटीच्या सामाईक मीटरची, न्यूट्रल वरच्या मजल्यावरच्या एका सदनिकेतून घेतलेलं. इथे त्या सदनिकेच्या मीटरवरचा 'अर्थ' दिवा पेटलेला आहे, आणि ज्यांच्या घरातून न्यूट्रल जातं त्यांनी दुरुस्तीसाठी मेन बंद करून तार सोडली तर तिच्यावर फेज येऊ शकते. हे काम आधी.

सामान काढलं : जिन्यासाठी सामाईक मीटरवरून वेगळी ६ अँपिअर एमसीबी, २५ अँपिअर ३० मिलिअँपिअर आरसीसीबी, १.५ चौरस मिलिमीटर लाल आणि काळी एफआर वायर, दोन स्विच एकमेकांना जोडणाऱ्या तारांसाठी पिवळी आणि निळी, हिरवी अर्थसाठी, २५ मिलिमीटर पाइप. सगळ्या तारा एकाच पाइपात. त्या सदनिकेतली जुनी न्यूट्रलची जोड दोन्ही टोकांना कापून कनेक्टर टोपीने बंद करायची. काम संपल्यावर सामाईक मीटरपाशी टाँग टेस्टर, मग जिन्याचं वाचन; मीटर रूमचं फेरवाचन मे महिन्यात, रात्री ८ ते ११ दरम्यान.